अकरावं कलम

डोमाजी सिरसाट तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागला तेव्हा राज्याची राजधानी नागपूरला होती. मग ती मुंबईला गेली, मग महाराष्ट्र झाला. कागदांचे मथळे बदलत गेले, आणि डोमाजीचं टेबल त्याच खिडकीशी, त्याच डुगडुगत्या पायावर उभं राहिलं. लाखगव्हाणच्या कोतवालाचा हा थोरला मुलगा. महारवाड्यातून मॅट्रिक झालेला पहिला, आणि पुढं कितीतरी वर्षं एकटाच. अक्षर असं की तहसीलदार बदलून जाताना नव्या साहेबाला सांगून जात, महत्त्वाचा मसुदा असला तर सिरसाटकडून लिहून घ्या. बोलणं मात्र कमी. कचेरीत त्याचा आवाज ऐकू येई तो फक्त कुणी फाईल चुकीच्या कपाटात ठेवली तर.

चोपन्न सालच्या भादव्यात पूर्णेला मोठा पूर आला. काठची धाब्याची घरं बसली, जनावरं गेली. पाणी ओसरू लागल्यावर डोमाजीला मदतवाटपाच्या कामावर दहितोंड्याला पाठवलं. पक्की सडक तिथवरच होती, त्यामुळं सगळी मदत तिथवरच आली. एकाच दिवशी सरकारचा ट्रक आला, मिशनच्या दवाखान्याचा आला आणि अकोल्याच्या व्यापाऱ्यांच्या मदत समितीचाही आला. तिघांनी आपापलं कापड झाडाला बांधलं आणि वाटप सुरू केलं. दहितोंड्याच्या लोकांना तीन-तीन चादरी मिळाल्या. दुधाच्या भुकटीचं काय करायचं ते कुणाला कळेना, तर ती म्हशींच्या ढेपेत गेली. डोमाजी लिंबाखाली बसून नावं लिहीत होता. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून त्यानं मिशनच्या ट्रकातून उतरवलेलं एक लाकडी खोकं ओढून घेतलं होतं.

तिथून तीन कोसांवर, नाल्यापलीकडं, लाखगव्हाण होतं. नाला उतरत नव्हता. पलीकडच्या गावांचं काय, असं डोमाजीनं नायब तहसीलदारांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, पलीकडं समितीवाले जाणार आहेत. समितीवाले म्हणाले, मिशन जाणार आहे. मिशनच्या कंपाउंडरला वाटत होतं, ते काम सरकारचं.

आठव्या दिवशी नाला कमरेइतका झाला आणि डोमाजीचा धाकटा भाऊ श्रावण चिखलानं माखून समोर उभा राहिला.

"बा गेला," तो म्हणाला. "परवा. हगवण लागली होती. चार दिवस पाणी पाजून राहिलो आमी, नदीचंच."

डोमाजी उठला तेव्हा कंपाउंडरनं ते खोकं उघडलं. आत हगवणीच्या औषधाच्या बाटल्या भुशात रचून ठेवलेल्या होत्या. चार दिवस तो त्यांच्यावर बसला होता.

त्यानंतर डोमाजीला एकच नाद लागला. रविवार आला की सायकल काढायची आणि पूर्णेच्या काठानं एकेक गाव करायचं. पाणी आधी कुठून शिरतं, बुढे लोक पुराची खूण कुठवर दाखवतात, उंच जागा कोणती, कोणत्या भोयाकडं डोंगा आहे आणि तो फुटका की धड, दवंडी कुठवर ऐकू जाते, हे सगळं तो लिहून आणी. काही गावांत त्याला पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून विचारावं लागे. तो उभा राही आणि विचारी. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव टोपलीत भरून त्यानं पूर्णेत सोडले, आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा सायकल काढली. त्याची बायको पंचफुला म्हणायची, सरकार तुमाले आठवड्यातून एक दिवस सुटी देते, तो बी तुमी सरकारलेच वापस देता. पण दुपारची भाकरी ती न चुकता बांधून देई.

सहा वर्षांत एक्केचाळीस गावं झाली. त्यावरून डोमाजीनं चौदा कलमांचा आराखडा लिहिला. त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. पाणी चढायच्या आधी कोणी कोणाला सांगायचं. सरकारनं कुठं जायचं, मिशननं कुठं, समितीनं कुठं, म्हणजे तिघं एकाच लिंबाखाली येणार नाहीत. औषधं आणि धान्य पावसाळ्याआधीच नाल्यापलीकडच्या गावांत नेऊन ठेवायचं आणि कोठाराची किल्ली त्याच गावात ठेवायची. तीन साहेबांनी ते कागद पाहिले आणि बरं आहे म्हणून ठेवून दिले. चौथे साहेब म्हणजे नवे उपविभागीय अधिकारी, एस.डी.ओ.; ते एकसष्ट साली आले, तरुण, परप्रांतातले, मराठी नुकतंच शिकलेले. त्यांनी ते एका बैठकीत वाचून काढले आणि डोमाजीला बोलावून खुर्चीवर बसवलं. कचेरीत त्याला साहेबासमोर खुर्ची मिळाल्याची ती पहिली वेळ.

मग दोन वर्षं बैठका झाल्या. डोमाजी कागद घेऊन अमरावतीला मिशनच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई परदेशच्या, पण वीस वर्षांत वऱ्हाडी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, माणूस मेल्यावर मले सगळे बोलावतात, आधी कोनी बोलावलं नाई. आणि तिथंच सही केली. अकोल्याच्या समितीचं काम कठीण गेलं. समितीच्या प्रमुख शेटजींना फलकाची काळजी होती. समितीचा माल सरकारच्या गाडीत गेला तर समितीचं नाव कुठं दिसणार? डोमाजी त्यांच्या सरकीच्या गोदामात चार खेपा गेला. शेवटी त्यानंच तोड काढली. गाडी ज्याची, फलक त्याचा. गाडीनं जायचं कुठं, हे मात्र तालुक्याचं एकच टेबल सांगणार. शेटजी खूश झाले. त्यांनी चहा मागवला आणि डोमाजीला दिला तसल्याच कपातून स्वतःही प्यायले. घरी येऊन त्यानं पंचफुलाला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, कप मोजून राहिलेत काय तुमी? तो हसला. त्या दिवसांत तो हसत असे.

अडलं ते अकराव्या कलमाशी.

पूर्णाकाठच्या बहुतेक जुन्या गावांत मधोमध गढी असते. पांढऱ्या मातीचं उंच टेकाड, भोवती भिंत, एक मोठा दरवाजा, आत मालकाचा वाडा आणि मोकळं पटांगण. पूर कितीही चढला तरी गढीला पाणी लागत नाही. डोमाजीनं लिहिलं होतं: 'इशारा मिळताच गढीचा दरवाजा गावातील सर्व वस्त्यांतील लोकांसाठी उघडावा, दरवाजाची एक किल्ली पावसाळाभर कोतवालाकडे राहील.'

लाखगव्हाणची गढी खुशालरावांची. काळ्या जमिनीचे मोठे मालक, पंचायत समितीत वजन, आणि आराखड्याला लागणाऱ्या निम्म्या बैलगाड्या त्यांच्या शब्दावर मिळणार होत्या. माणूस उर्मट नव्हता. डोमाजीला ते सिरसाटबाबू म्हणत. बैठकीत त्यांनी तेरा कलमांना मान डोलावली आणि अकराव्यावर चष्मा काढून ठेवला.

"गढी आमची घरची हाये, सिरसाटबाबू. आत बायामाणसं राहतात. देवघर हाये. आज तुमी पुरासाठी किल्ली मांगता, उद्या काहून मांगसान सांगता येत नाई. दुसरी जागा लिवा."

डोमाजी म्हणाला, दुसरी जागा नाही, मी गाव मोजलेलं आहे. खुशालरावांनी सही न करता कागद पुढं सरकवला, आणि त्यांच्यामागं आणखी पाच गढीवाल्यांनी सरकवला.

दुसऱ्या दिवशी एस.डी.ओ. साहेबांनी डोमाजीला बोलावलं. ते त्याच्यावर चिडले नव्हते, उलट हळुवार बोलले. पावसाळा दोन महिन्यांवर आलाय, म्हणाले. एका ओळीसाठी चौदा कलमं बुडवायची? आत्ता मोघम लिहू, पुढच्या वर्षी सुधारू. तुमचं गाव आहे, म्हणून ओळ तुम्हीच बदला. मी बदलली तर तुमच्यावर अन्याय होईल.

डोमाजी जागेवर येऊन बसला. दुपारभर त्यानं दुसरं काम केलं नाही. एक्केचाळीस गावं, नाल्यापलीकडं ठेवायची औषधं, डोंगे, डॉक्टरीणबाईंची सही, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. चार वाजता त्यानं नवा कागद घेतला आणि सुंदर अक्षरात लिहिलं: 'इशारा मिळताच ज्याने त्याने आपापल्या वस्तीजवळील उंच जागेचा आश्रय घ्यावा.' संध्याकाळच्या आत साऱ्या सह्या झाल्या.

बापामागं श्रावण गावचा कोतवाल झाला होता. आराखड्याची एक-एक प्रत प्रत्येक कोतवालाला द्यायची होती. श्रावणची प्रत डोमाजीनं स्वतः नेऊन दिली. आई जाईबाई ओट्यावर बसून तूर पाखडत होती. कागदावर भावाचं अक्षर बघून श्रावणला फार बरं वाटलं. त्यानं तो मेणकापडात गुंडाळून पिशवीत ठेवला. अकराव्या कलमाविषयी डोमाजी काही बोलला नाही. पुढच्या वर्षी सुधारायचं आहे, असं तो मनाशी म्हणाला.

पुढचं वर्ष आलं आणि सुधारायचं राहून गेलं. चौसष्ट सालच्या श्रावणात तीन दिवस झड लागली, आणि चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला वरच्या गावाचा इशारा आला. आराखड्यात लिहिल्याप्रमाणं गावामागून गाव दवंडी फिरली. तालुक्याच्या टेबलावर डोमाजी बसला होता. त्यानं एकेक गाडी, एकेक डोंगा लिहिल्या जागी रवाना केला. समितीचा ट्रक दहितोंड्याला थांबू दिला नाही, पुढं काढला. डॉक्टरीणबाई अमरावतीहून निघाल्याचा निरोप अकराला आला. दुपारपर्यंत चाळीस गावांतून एकच खबर येत राहिली, माणसं उंच जागी पोचली, धान्य हाताशी आहे. एस.डी.ओ. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

लाखगव्हाणची खबर संध्याकाळी आली.

श्रावणनं दवंडी वेळेवर दिली होती. बौद्धवाडा गावाच्या उतारावर, नदीच्या अंगाला. तिथून निघून दीडेकशे माणसं गढीच्या दरवाजाशी आली. पाणी गुडघ्याला होतं. खुशालराव आदल्या दिवशी मूर्तिजापूरला गेलेले, रेल्वे बंद म्हणून तिकडंच अडकलेले. गढीवर त्यांचा दिवाणजी नत्थुजी होता. सवर्ण आळीतली माणसं मागच्या दिंडीदरवाजातून आत घेतलेली. नत्थुजी भिंतीवरून म्हणाला, मालकाचा हुकूम नाही. श्रावण म्हणाला, सरकारचा हुकूम आहे, माझ्याजवळ कागद आहे. नत्थुजी म्हणाला, मग दाखव कुठं लिहिलं आहे ते. हुकूम असला तर मी उघडतो, माझं काय जातं.

श्रावणनं पिशवीतून मेणकापड काढलं. पावसात कागद उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागला, पहिल्या कलमापासून, कारण कुठं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. ते असणार याची मात्र खात्री होती. लिहिणारा त्याचा भाऊ होता. अकराव्या कलमापाशी तो थांबला. पुन्हा वाचलं. मग पुढची तीन कलमंही वाचून पाहिली.

"हे आयकलं ना?" नत्थुजी म्हणाला. "आपापल्या वस्तीजवळ."

अर्धा तास गेला, मग आणखी अर्धा. काही जण बाभळीवर चढले, काहींनी धाब्याचा आसरा घेतला, आणि धाबं बसलं. शेवटी बाहेरचा गलका ऐकून खुशालरावांची म्हातारी आई पार्वताबाई काठी टेकत दरवाजाशी आली आणि तिनं नत्थुजीला फटकारून अडसर काढायला लावला. जी उरली होती ती माणसं आत गेली. नऊ जण आत पोचलेच नाहीत. त्यांत जाईबाई होती आणि श्रावणची बायको जयवंता होती.

डोमाजी दुसऱ्या दिवशी डोंग्यातून गावात पोचला. श्रावण गढीच्या पटांगणात भिंतीला टेकून बसला होता. डोमाजी त्याच्यासमोर उकिडवा बसला. मग श्रावणनं तो कागद काढून त्याच्या हातात दिला. शाई ओघळली होती, तरी अक्षर लागत होतं.

"दादा, हे तुया हातचं हाये?"

"व्हय."

"आपल्या वस्तीजवळ उंच जागा कोनती हाये? मले सांग. मले मालूम नसंन."

डोमाजीनं सांगायचा प्रयत्न केला. बैठकीचं सांगितलं, खुशालरावांचं, साहेबांचं, पुढच्या वर्षाचं. सांगता सांगता त्यालाच ते ऐकवेना. श्रावणनं सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही, आणि शेवटी उठून जयवंताला शोधायला निघणाऱ्या डोंग्याकडं निघून गेला.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं गेलं की शासन आणि सेवाभावी संस्था यांच्या समन्वयाचं असं उदाहरण दुसरं नाही. एक्केचाळीस गावांपैकी चाळीस गावांत जीवितहानी शून्य, साथीचा रोग कुठंही नाही. एका गावी 'स्थानिक परिस्थितीमुळे' नऊ मृत्यू. डॉक्टरीणबाईंनी त्या दोन शब्दांखाली रेघ मारून अर्थ विचारणारं पत्र पाठवलं. त्याला उत्तर गेलं नाही. डोमाजीनं दोन पानी निवेदन दिलं: मूळ कलम काय होतं, कोणत्या बैठकीत अडलं, कोणी बदलायला सांगितलं. एस.डी.ओ. साहेबांनी ते वाचलं आणि परत केलं.

"मी सांगितल्याचा कागद आहे का?" ते म्हणाले. "मसुदा तुमच्या अक्षरात आहे, सिरसाट. हे पुढं गेलं तर चौकशी तुमची होईल. माझी होणार नाही. मी तुमचं भलं पाहतोय."

पुढच्या महिन्यात साहेबांना बढती मिळाली. निरोपाच्या कार्यक्रमात डोमाजीला प्रशस्तिपत्र देण्यात आलं. देण्यासाठी व्यासपीठावर खुशालराव होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुशालरावांचा चेहरा उतरलेला होता, आणि त्यांनी हळूच म्हटलं, मी घरी असतो तर उघडलं असतं, सिरसाटबाबू. ते खरंही असेल.

मग वरून हुकूम आला की हा आराखडा नमुना म्हणून इतर तालुक्यांना पाठवावा. स्टेन्सिल कापायचं काम अर्थातच डोमाजीकडं आलं. त्यानं दहा कलमं जशीच्या तशी उतरवली. अकरावं आलं तेव्हा त्यानं जुना, पहिला मसुदा उघडला आणि त्यातली ओळ स्टेन्सिलवर कापली: गढीचा दरवाजा, सर्व वस्त्या, किल्ली कोतवालाकडे. प्रती निघाल्या, शिक्के बसले, टपालात पडल्या. आपण काय केलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. रविवारी मात्र सायकल काढून लाखगव्हाणला गेला आणि श्रावणला सांगितलं.

श्रावण खाटेचे सुंभ आवळत होता. त्यानं हात थांबवला नाही.

"आता लिवलं, दादा?" एवढंच तो म्हणाला.

तीन महिन्यांनी दूरच्या एका तालुक्यातून कुणा गढीवाल्याची तक्रार आली. प्रती ताडून पाहिल्या गेल्या. सरकारी दस्तऐवजात परस्पर फेरफार केल्याचा ठपका डोमाजीवर आला. या वेळी कागद होता, अक्षर होतं, सगळंच होतं. त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या आणि बदली चिखलदऱ्याला झाली. सगळ्या तालुक्यांना शुद्धिपत्रक गेलं: अकरावे कलम पुढीलप्रमाणे वाचावे. ते शुद्धिपत्रक बदलीच्या आधी डोमाजीलाच लिहायला लावलं. त्यानं नकार दिला असता तर नोकरी गेली असती. पंचफुला आणि तीन लेकरं होती. त्यानं लिहिलं.

चिखलदऱ्याला पूर येत नाही. तिथं त्यानं जंगलाच्या पट्ट्यांचे कागद सांभाळत उरलेली नोकरी काढली. लाखगव्हाणच्या बौद्धवाड्याला वरच्या अंगाला जागा मिळावी म्हणून तो दरवर्षी एक अर्ज लिही आणि गावच्या पत्त्यावर पाठवी, सह्या करून पुढं धाडण्यासाठी. पंचफुला गावी जाई, तो जात नसे. एकदा ती परत आली तेव्हा त्यानं विचारलं, अर्ज पोचले काय? पोचले म्हणाली. सह्या झाल्या? झाल्या, साऱ्या वाड्याच्या झाल्या. मग त्यानं विचारलं, श्रावणची?

पंचफुला लुगड्याचा पदर झटकून खुंटीला पिशवी अडकवत होती.

"भाऊजी म्हणते, मी वाचल्याबगर सही करत नाई," ती म्हणाली. "अन् दादाचं अक्षर मी आता वाचत नाई."